डाव पुढं, आवाज मागं

आमी नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लुडोचा डाव. दुपारची भाकर झाली, तिनं भांडी पालथी घातली आन फोन बाजेवर मधोमध ठेवला. लाल सोंगट्या तिच्या, हिरव्या माझ्या. पोर आमची पुण्याला असती. तिला मी फोनवर सांगितलं होतं की तुझी आई लबाडी करती म्हणून जिंकती. ते हिच्या लय मनाला लागलं. पडद्यावर चाललेलं सगळं आवाजासकट भरून ठेवायचं बटण ती शेजारणीकडून शिकून आल्ती. म्हणली, आता पोरीलाच धाडते, कोण लबाड ते बघू दे तिला.

तो डाव मी जिंकलो. "हारली की कशी गप बसती," असं मी म्हणलो. तिनं फोन बंद केला आन आडवी झाली. दिवस मावळायच्या आत गेली. आमच्या वडीगोद्रीहून गाडीत घालून दवाखान्याकडं नेली, पण अंबड यायच्या आधीच गेली.

फोटो हायेत तिचे. पण फोटोतली बाई ती न्हाईच, फोटो काढताना ती तोंड शिवल्यासारखी उभी राहायची. बोलती बाई म्हणून माझ्याकडं एवढा एकच डाव राह्यला. चेहरा न्हाई त्यात, नुसता पडदा, सोंगट्या आन आमचं दोघांचं बोलणं.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाव्हणे गेले, तवा मी तो पहिल्यांदा लावला. सुरुवात ठीक होती. पुढं पुढं तिचा आवाज मागं पडायला लागला. तिनं माझी सोंगटी मारली, सोंगटी घरी जाऊन बसली, माझा डाव बी खेळून झाला, आन मंग ती म्हणती, "मारली बघा." मेलेल्या माणसाचा आवाज असा मागून चालत येतो हे मला बघवंना. बंद केला.

मला वाटलं माझेच कान. सगळी उमर जालन्यात सळईच्या मिलमध्ये गेली. मिलनं पगार दिला आन कान ठेवून घेतले, असं ती म्हणायची. शेजारणीला बसवून दाखवलं. ती बी म्हणली, मागं पडतंय. मंग पोरीला सांगितलं. तिनं विचारलं, कशावर ऐकता? तिनंच धाडलेल्या, आवाज मोठा करायच्या बिनतारी डब्ब्यावर ऐकत होतो. ती म्हणली, बाबा, त्या डब्ब्यात आवाज जरा उशिरा पोचतो, तो बंद करा आन फोनवरच ऐका. तसं केलं. फरक पडला, पण शेवट मागंच राह्यला. तिनं तिच्या कॉम्प्युटरवर लावून बघितलं, तिथं बी तेच. म्हणजे फोनच्या वाजवण्यात खोट न्हाई, भरतानाच बिघडलं होतं.

पोरीच्या मनात होतं की आईच्या पहिल्या स्मृतिदिनाला विहारात हे लावायचं. लोकांना तिचं बोलणं ऐकू द्यायचं. कोणाकडून नीट करून घ्या, म्हणली. मला लोकांचं काही न्हवतं. ती जशी होती तशी एकदा तरी बराबर ऐकू यावी, एवढंच मला पाहिजे होतं.

जालन्याला मस्तगडात एक लग्नाचं शूटिंग करणारा हाय, त्याच्या दुकानात गेलो. त्यानं सगळा डाव कॉम्प्युटरवर घेतला. म्हणला, काका, फोन भरलेला होता आन गरम झाला असंल. असं झालं की फोन मधली मधली चित्रं गाळतो. आवाज गाळत न्हाई. दोघं एका जागेहून निघतात आन चालता चालता लांब होतात. म्हणून सगळा आवाज एकदाच पुढं ओढून भागत न्हाई. तसं केलं तर शेवट जुळंल आन सुरुवात बिघडंल. आधी चित्राची चाल सारखी करायची, मंग दोन्ही टोकाला आवाज चित्राशी बांधायचा.

मी चहा पिऊन आलो तवर त्याचं झालं होतं. त्यानं दाखवलं तिथं ती सहा म्हणली की पडद्यावर सहा. पाच म्हणली की पाच. मी मान हलवली आन घरी आलो.

घरी ऐकलं आन चैन पडंना. सगळं जुळलेलं, तरी ही ती न्हवती. शाळेतली पोर फळ्यावरचे आकडे वाचती तसं वाटत होतं. मंग ध्यानात आलं.

तिच्या माहेरी बाया चिंचोक्यानं खेळायच्या. चिंचोका फरशीवर घासून एका बाजूनं सपाट करायचा, मुठीत हलवायचा आन टाकायच्या आधी तोंडानं दान मागायचं. ही लुडोत बी तेच करायची. "ये गं सहा, ये गं माझे बाई," असं म्हणायची आन मंग बोट लावायची. फोन काय तिचं ऐकतो? पण जिंकायची. मी चिडायचो, हीच तुझी लबाडी म्हणायचो. त्या दुकानवाल्याला हे कसं ठाऊक असणार? त्यानं तिचा आकडा आन पडलेला आकडा धरून गाठ मारली. मागणारी बाई वाचणारी करून टाकली.

अजून एक होतं. डावाच्या शेवटी ती बारीक आवाजात "दोन" म्हणती आन तिला दोन पडतात, असं त्यानं जुळवलं होतं. पण तिच्या सोंगटीला घरात जायला पाच पाहिजे होते. दोन कशाला मागंल ती?

पोरीला सांगितलं तर ती कंटाळली.

"बाबा, आता जुळलंय ना. कुणाला कळणार हाय?"

"मला कळतंय."

दुसऱ्यांदा मस्तगडात गेलो. दुकानवाला जरा तापला. आकडा आन आवाज एका जागी आणलाय, अजून काय करू, म्हणला. मी त्याला मागण्याचं सांगितलं. त्यानं विचारलं, मागितल्यावर किती वेळानं दान टाकायच्या? ते कुणी सांगावं? कधी लगेच, कधी फोनला हात जोडत बसायची. त्यानं आवाज अजून एकदा लावून ऐकला. मंग म्हणला, त्यांचं बोलणं सोडून देऊ काका, सोंगटीचा आवाज धरू. सोंगटी एकेक घर चालली की फोन टक करतो, ते तुमच्या बोलण्यात बी भरलं गेलंय. पहिल्या दानापासून त्यानं मूळ भरलेलं परत काढलं. सुरुवातीची टक आन शेवटची टक सोंगटीच्या पावलाला बांधली. मधी दोन-चार ठिकाणी तपासलं. बराबर बसली. मंग कानावर लावायच्या मोठ्या वाट्या मला दिल्या.

आता ती मागत होती. "ये गं सहा," म्हणली आन तीन पडले. "मेलं तुमचं तोंड बघितलं सकाळी," असं मला म्हणली. मी एकटाच हसलो. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते बघाय लागलं.

मंग शेवट आला. तिला दोन पडले तवा ती काहीच बोलली न्हाई. सोंगटी दोन घरं सरकली. पाळी माझी आली. माझ्या सोंगटीला घरात जायला दोनच पाहिजे होते. तेवढ्यात ती बोलली. बाजेवर मी तिच्या समोर बसलो होतो तरी तवा मला ऐकू आलं न्हवतं. आता वाट्यांमधून आलं.

"ह्यांना दोन पडू दे बाई. संपू दे जल्दी. बसवंना मला."

मंग माझी टक, टक. मंग माझं ते हारली की गप बसती म्हणणं.

माझ्यासाठी तिनं कधी दान मागितलं न्हवतं. ऐकणारा म्हणंल, बघा किती जीव होता. जीव होताच, ते मला कुणी सांगायची गरज न्हाई. पण त्या दिवशी तिला नुसतं आडवं व्हायचं होतं. डाव अर्धा सोडून उठायची तिची रीत न्हवती. म्हणून तिनं माझी जीत मागितली. दुकानवाल्यानं विचारलं, बराबर हाय का काका? मी म्हणलो, बराबर हाय.

घरी आलो. काही खावंसं वाटलं न्हाई. तसाच पडून राह्यलो.

सकाळी पोरीला फोन लावला. म्हणलं, विहारात सुरुवातीचा भाग लाव, तिची भांडणं, तिचं मागणं सगळं लाव. शेवट लावू नको. पण शेवट तुझ्यासाठी धाडून राह्यलो, तो तू ऐक. तिनं विचारलं, काय हाय शेवटी? मी तिला आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. एकदम कानावर पडण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. मंग म्हणली, "धाडा बाबा."

फाईल मोठी होती, जल्दी जाईना. फोन हातात धरून ओट्यावर बसलो. गेल्याची खूण आली तवा उठलो आन नळाला पाणी आल्तं ते भरून घेतलं.