हो-नाहीबाई

बाई शपथ घेत नसत. आईची नाही, देवाची नाही, लेकराच्या गळ्याची तर नाहीच. ढाणकीच्या बाजारात वांगी कोवळी आहेत हे पटवायला भाजीवाली स्वतःच्या डोळ्यांची शपथ घेई. त्या मुलखात ही एकटी बाई ‘हो’ नाहीतर ‘नाही’ म्हणून गप्प बसे. मिशनच्या त्या बायबलबाई. खेड्यातांड्यांत हिंडून शास्त्र वाचून दाखवणं हे त्यांचं काम. पण लोकांनी नाव पाडलं होतं हो-नाहीबाई.

मी नगरकडचा. चौथीतून शाळा सुटली आणि हातात थापी आली. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हा मिशनच्या दवाखान्याच्या बांधकामावर गवंडी म्हणून मी तिकडे गेलो. मुलूख परका, बोली परकी. आपल्यावर कोण विश्वास ठेवणार, या धास्तीनं मी दर वाक्याला ‘आईशप्पथ’ म्हणे. बाईंनी पहिल्याच आठवड्यात मला धरलं.

“काहून रे, तुयी माय तिकडं सुखानं बसली असन. तिले घडीघडी इथं कायले वढून आणतं?”

“सवय हाय बाई, आईशप्पथ.”

सगळे गडी हसले. बाई हसल्या नाहीत. “प्रभूनं सांगतलं हाये. हो म्हंजे हो, नाई म्हंजे नाई. त्याच्यावर चिमूटभर जास्ती टाकलं का ते सैतानाच्या घरचं मीठ.”

बाईंचं ‘नाही’ कुणाला चुकलं नाही. मिशनच्या देवळातल्या पाळकसाहेबांनी एका रविवारी कौतुकानं विचारलं, “उपदेश कळला ना बाई?” बाई म्हणाल्या, “नाही.” साहेबांचा चेहरा पडला. पुढच्या रविवारी मात्र उपदेश निम्म्या वेळात आटोपला आणि आम्हा गवंड्यांनाही समजला.

आणि ‘हो’ तर त्याहून अवघड. एकदा तांड्याच्या नाईकाच्या शेतातली कोवळी तूर कुणाच्या तरी जनावरानं खाल्ली. नाईक तांड्याचा प्रमुख, रागीट माणूस. त्यानं आपल्याच गुराख्याला झाडाला बांधलं. बाईंवर कुणाचा संशय नव्हता. तरी त्या आपली बकरी दोरीनं ओढत तांड्यात गेल्या आणि म्हणाल्या, “सोड त्याले. माह्या बकरीनं खाल्ली.” परत येताना मला म्हणाल्या, “पाप काई वाघावानी येत नाई बाप्पा. बकरीच्या पिलावानी येते. आपणच त्याले अंगणात बांधतो, पाला घालतो.”

दुपारच्या सुट्टीत त्या मला ओसरीवर बसवून शास्त्र वाचायला लावत. मी अक्षरावर बोट ठेवून अडखळे. त्यांची लहानगी नात खुदकन हसे. बाई म्हणत, “हसू नको वो. अडखळत का व्हयना, तो चालून राह्यला, हे पाह्य.”

अशाच एका दुपारी नाईकाची कडब्याची गंजी पेटली. वर्षभराचा चारा डोळ्यांदेखत राख झाला. संध्याकाळी नाईकाचा भाऊ चार माणसं घेऊन आला आणि मला दंडाला धरून तांड्यात घेऊन गेला. मी बिडी ओढतो, रोज त्याच वाटेनं ये-जा करतो, आणि मी परका. एवढं पुरेसं होतं. नसाब, म्हणजे तांड्याची पंचायत, लिंबाखाली बसली होती. निकाल माझ्यावर आला, तर मला उमरखेडच्या ठाण्यात देणार होते. तिथं परक्या गड्याची काय गत होते, ते मी ऐकून होतो.

मी बाईंच्या ओसरीवर होतो असं सांगितलं, तेव्हा बाईंना बोलावणं गेलं आणि त्या नातीचं बोट धरून आल्या. नाईकाचा भाऊ म्हणाला, “हा तुयापाशी होता म्हणते. मंग ठेव नातीच्या डोक्यावर हात. यानं आग लावली नाई, अशी शपथ घेतं?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

लिंबाखाली एकच गलका झाला. “पाहा! तिची बी हिंमत होत नाई!”

बाईंनी हात वर केला. “शपथ नाई घेत. आग लावली का यानं? नाही. आग लागली तवा माह्या ओसरीवर वाचत होता का? हो. झालं.”

“बाई, घ्या ना शपथ!” मी ओरडलो. “एवढ्या एका बारीला!”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “तुया जिवाचं मले समजते रे. पण आज शपथ घेतली, तं आजवरचं माह्यं सारं ‘हो’ कच्चं होते.”

नाईक भावाला म्हणाला, “तुरीच्या वक्ताले हिले कोनं इचारलं होतं?”

“कोनंच नाई.”

“न इचारता जिनं आपल्या आंगावर ‘हो’ घेतलं, तिचं इचारल्यावरचं ‘नाही’ खोटं कसं असन? सोड त्याले.”

भावानं हात सोडला, पण नजर सोडली नाही. गंजी कशानं पेटली ते शेवटपर्यंत कळलं नाही.

ओसरीवर बाईंनी चहा दिला. मी रागावलो होतो, रडतही होतो. “नाईकानं ऐकलं नसतं तर?”

“तुयासंगं ठाण्यात आली असती.”

“आणि तिथं शपथ?”

“नाही.”

बशीत ओतता ओतता त्यांनी निम्मा चहा लुगड्यावर सांडला. तेव्हा मला कळलं, माझ्याइतक्याच त्याही भ्याल्या होत्या.

दवाखाना उभा राहिला आणि मला पुसदला दुसरं काम मिळालं. एस.टी. यायची होती. मी म्हटलं, “बाई, मी परत येईन, आई...” आणि जीभ चावली.

बाई पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. “येशीन?”

“हो.”

त्या एका अक्षराचं ओझं मी पुसदला वाहिलं, पुढं आणखी लांबच्या कामांवर वाहिलं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता गेलो, तेव्हा ओसरीवर बाई नव्हत्या. आदल्याच पावसाळ्यात त्या तापानं गेल्या होत्या. नात आता उंच झाली होती. तिनं मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं, तशी ती आत गेली आणि आजीचं शास्त्र घेऊन आली.

“आजीनं तुमच्यासाठी ठेवलं. म्या म्हटलं, तो कायले येते आता? तं म्हणे, येईन तो. त्यानं ‘हो’ म्हटलं हाये.”

मी ओसरीवर बसलो, अक्षरावर बोट ठेवलं. या वेळी पोरगी हसली नाही.