मंगळवारचा दवाखाना

वहिनी मुलीला घेऊन निरवांगीला माहेरी गेली. जाताना दादाला म्हणाली, "दारू सुटल्याबिगर न्यायला येऊ नका." दुसऱ्या दिवशी दादा मला म्हणाला, "चल, बारामतीला जाऊ."

मी तेव्हा पणदऱ्याहून एस.टी.नं बारामतीच्या कॉलेजात जात होते. व्यसन सोडवणारे एक डॉक्टर दर मंगळवारी बसतात, हे तिथल्या एका बाईंकडून कळलं होतं. दवाखान्यात दादाच्या आधी मीच बोलले, "याला भरती करून घ्या."

डॉक्टरांनी दादाचे हात पुढं करायला लावले, थरथर पाहिली, कधी झटके आले होते का ते विचारलं. आले नव्हते. मग म्हणाले, "घरी धार कोण काढतं?"

"मीच. दुसऱ्याला म्हशी जवळ येऊ देत न्हाईत."

"मग तुमच्याबरोबर म्हशींनाही भरती करावं लागेल. इथं एवढी जागा नाही."

दादा हसला. पुष्कळ दिवसांनी हसला.

"ठरवून काय आलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"दारू सोडायची."

"ते होईल. आधी मंगळवारी यायचं. पिऊन आलात तरी यायचं. दुसरं, संध्याकाळी दूध घातल्यावर कुठं जायचं ते दूध घालायच्या आधी ठरवायचं." मग गोळ्या लिहून दिल्या आणि माझ्याकडं वळून, झटका आला किंवा भ्रम झाल्यासारखं वाटलं तर मंगळवारची वाट न पाहता याला घेऊन या, असं बजावलं.

अडचण दुधाचीच होती. डेअरीवर दूध घातलं की सगळी मंडळी मागच्या गुत्त्याकडं वळायची. दादा आता रिकामी किटली घेऊन थेट घरी यायचा आणि ओट्यावर माझ्यासमोर बसायचा. मी अर्थशास्त्र मोठ्यानं वाचायचे. थोड्याच वेळात तो पेंगायचा. "डॉक्टरच्या गोळीपरीस तुझं पुस्तक जालीम हाय," म्हणायचा.

उसाला तोड आली तोवर दादानं दारू सोडल्याचं गावभर झालं. आमच्याकडं कुणी काही बरं केलं की त्याला फेटा, शाल, नारळ मिळालाच पाहिजे. चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, डेअरीसमोर सत्कार ठेवला. माईकवरून म्हणाले, "आमच्या पोरानं दारूला चितपट केलं." टाळ्या झाल्या. दादा लाजून नारळाची शेंडी ओढत बसला.

पुढच्या मंगळवारी तो निघेचना.

"आता कशाला? सत्कार झाला की."

त्याच्या पुढच्याही मंगळवारी गेला नाही. डेअरीवर थांबू लागला, आणि एका संध्याकाळी पिऊन आला. सकाळी गोठ्यात उकिडवा बसला होता.

"गावानं फेटा बांधला. आता दवाखान्यात कुणी बघितलं तर? तात्यांचं नाक कापलं जाईल."

"तात्यांचं नाक तात्या बघतील," मी म्हणाले. "वहिनीला काय सांगणार आहेस?"

मंगळवारी मी एस.टी.तून उतरून दवाखान्यात डोकावले, तर तो माझ्या आधीच सायकलवरून येऊन बाकावर बसला होता.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. फेट्याचं ऐकून कपाळाला हात लावला. म्हणाले, "आता आणखी एक ठरवू. परत कुणाचा सत्कार घ्यायचा नाही."

"तात्या ऐकणार न्हाईत."

"त्यांनाही घेऊन या मग."

तात्या खरंच आले, आणि बाकावर इतका वेळ गप्प बसलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

दादा परत दवाखान्यात जायला लागला, ही बातमी निरवांगीला कुणी पोचवली कोण जाणे. वहिनी स्वतःच मुलीला घेऊन एस.टी.तून उतरली. मी विचारलं, सत्काराच्या वेळी का नाही आलीस?

"फेटा काय, कुणीबी बांधतं," ती म्हणाली. "ह्ये पडले आन् आपल्या पायानं उठून गेले, म्हणून आले."

त्यानंतरही दादा अधूनमधून घसरला, आणि दर वेळी बारामतीला गेला. पुढं बरीच वर्षं प्यायला नाही. गेल्या उन्हाळ्यात हृदयविकारानं गेला. म्हशी आम्ही विकल्या. वहिनी पणदऱ्यातच राहते, आणि सुट्टीच्या दिवशी मी तिच्याकडे जेवायला जाते.