आवाज आलाच नव्हता

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच, ती गेली तेव्हाही हे माझ्या पोटातच होतं. आज तुमच्याशी बोलते आहे. किती जमेल, माहीत नाही. मध्येच अडखळले तर थांबा थोडं.

मी भिवंडीत एका शाळेत विज्ञान शिकवायचे. टेमघरच्या बाजूला शाळा, मागच्या गल्लीत यंत्रमाग. दिवसभर खडखडाट. आम्हा शिक्षकांचे आवाज त्यामुळेच मोठे झाले असावेत. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि शाळेला रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर मिळाला होता. सोबत विज्ञानाच्या कॅसेटी. मुलं टीव्हीकडे आ वासून बघायची, पण कळायचं काय? त्या कॅसेटींत पांढरा कोट घातलेले एक गृहस्थ चकचकीत प्रयोगशाळेत उभे राहून असं काही बोलायचे, की मलाच दोनदा ऐकावं लागायचं.

मग मुख्याध्यापक म्हणाले, आपणच एक कॅसेट करू. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात पाठवू. जबाबदारी माझ्यावर आली. मी विषय निवडला— केशाकर्षण. पाणी बारीक नळीत आपोआप वर चढतं ते. नळ्या कशाला हव्यात, आमच्याकडे सूत होतं, गल्लीगल्लीत पडलेलं. रंगीत पाण्यात सुताचा धागा सोडला की रंग चढताना दिसतो. सोपं आणि सुंदर.

आणि ते सांगायला मी जानकीला उभं केलं.

जानकी नववीत होती. डोंगराकडच्या पाड्यावरची, शाळेसाठी टेमघरला मामाकडे राहायची. आईवडील पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतावर, एरवी मिळेल त्या कामावर. वर्गात मी प्रश्न विचारला की हिचा हात आधी वर. नुसता वर नाही, ती अर्धी उभीच राहायची. तिला का निवडलं, याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे स्वच्छ होतं. तिच्याइतकं ते कुणाला कळलंच नव्हतं.

शूटिंग शुक्रवारी, शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवलं. त्या दिवशी यंत्रमाग बंद असतात, आवाज स्वच्छ येतो. लग्नाचं शूटिंग करणारे सलीमभाई कॅमेरा घेऊन आले. त्यांनी कॅमेरा बहुतेक वेळ धाग्यावर आणि जानकीच्या हातांवर ठेवला, आणि ती बोलत गेली. पाठ केलेलं नाही, तिचं तिचं.

"सुतात बारीक बारीक वाटा हायत. पानी त्या वाटंला चिकटतं, आनि मागल्या पान्याला वढून घेतं. वाट जेवढी बारीक, तेवढं पानी वर जातं. वाट रुंद आसली तं त्याला वर जाया जमत न्हाय."

सलीमभाईंनी तिथेच टीव्हीला जोडून दाखवलं. जानकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "यो माजा आवाज हाय?" म्हणाली, आणि पुन्हा लावायला सांगितलं. सलीमभाई हसत म्हणाले, "क्या साफ बोली है बच्ची! मेरे को भी समझ आ गया."

हे लक्षात ठेवा, की आवाज साफ होता. तिने तो दोनदा ऐकला होता.

घरी गेल्यावर मला काय झालं? खरं तर प्रयोगशाळेतच व्हायला लागलं होतं. प्रत्येक 'हाय'ला, प्रत्येक 'पानी'ला माझ्या कानाची पाळी गरम होत होती. प्रदर्शनाला ठाण्याचे अधिकारी येणार, मोठ्या शाळांचे शिक्षक येणार. ते हसतील. कुणाला हसतील— तिला? नाही हो. मला.

तुम्हाला माहीत नाही, माझ्या घरी आजी 'न्हाय'च म्हणायची. मीही म्हणायचे. आमच्या बौद्धवाड्यातली मी पहिली शिक्षिका. वडील पोस्टात होते, त्यांनी मला बी.एड.ला घातलं. तिथे पहिल्याच पाठाला मी 'पानी' म्हणाले आणि मागच्या बाकांवरून खसखस पिकली. त्यानंतर रेडिओवरच्या बातम्यांमागे पुटपुटत मी जीभ घासून घेतली. इतकी, की सहकाऱ्यांना मी कुठली ते ओळखू येत नसे. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही. उलट आहे. ते हसणं मनाला किती लागतं, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी शिल्पाला घेऊन सलीमभाईंच्या दुकानात गेले. शिल्पा वकिलांची मुलगी, वक्तृत्वात बक्षिसं मिळवणारी. जानकीचंच बोलणं मी शुद्ध भाषेत तिला लिहून दिलं. दुकानातल्या यंत्रावर एक बटण होतं, ते दाबलं की चित्र तसंच राहायचं आणि आवाज नवा बसायचा.

"मॅडम, पुराना आवाज गया तो गया, वापस नहीं आएगा," सलीमभाई म्हणाले. मग जरा थांबून, "पर उस बच्ची की आवाज में खराबी क्या है?"

मी म्हटलं, वरून आदेश आहे. कुठून वरून? कुणीही काही म्हटलं नव्हतं. त्यांनी खांदे उडवले आणि बाजूला सरकले. "तो आप ही दबाओ."

मीच दाबलं.

जानकीला मी काही सांगितलं नाही. रोज ती समोर होती, रोज वेळ होता. सांगू, सांगू म्हणत शाळेतल्या कार्यक्रमाचा दिवस आला. प्रदर्शनाला पाठवण्याआधी अधिकाऱ्यांना आणि पालकांना कॅसेट दाखवायची होती. जानकीची आई पाड्यावरून आली, सोबत तीन-चार बायका. कामाचा खाडा करून. धुतलेली लुगडी, केसात अबोली. सतरंजीवर पुढे बसल्या. आपल्या पोरीला टीव्हीत बघायला.

टीव्ही सुरू झाला. धागा, रंगीत पाणी, जानकीचे हात— आणि शिल्पाचा आवाज. "सुतामध्ये अत्यंत सूक्ष्म मार्ग असतात..."

मी जानकीकडे बघितलं नाही. बघू शकले नाही. पण तिच्या आईचा आवाज सगळ्या हॉलने ऐकला. "हात तं तुजंच हायत गो. मंग बोलतं कोन?"

लोक हसले. अधिकारीही हसले आणि वळून त्यांनी मला विचारलं, काय भानगड आहे? माझं तोंड मला न विचारता बोललं. "तिचाच आवाज घेतला होता, सर. पण मशीनमध्ये बिघाड होता. आवाज आलाच नाही."

साहेब चांगले होते. त्यांनी कौतुकाने जानकीला विचारलं, "हो का गं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. फार वेळ नाही. पण त्या तेवढ्या वेळात, आवाज मीच काढून टाकलाय हे तिला कळलं, ते मला दिसलं. मग ती म्हणाली, "व्हय सर. आवाज आलाच न्हवता."

चौदा-पंधरा वर्षांची पोर. तिने मला वाचवलं.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. आतापर्यंत मी जे सांगितलं ते लाजिरवाणं आहे, पण ज्यासाठी सांगायला बसले ते हे नाही. अजून आहे.

काही दिवसांनी, शाळा सुटल्यावर, ती प्रयोगशाळेच्या दारात आली. मी एकटीच होते. चप्पल बाहेर काढून उभी राहिली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने एवढंच विचारलं, "बाई, माजं सांगन्यात काय चुकलं व्हतं का?"

बघा, तिने भाषेचा विचारच केला नव्हता. तिला वाटलं, विज्ञान चुकलं असेल. म्हणून बाईंनी आवाज काढून टाकला असेल. त्याशिवाय बाई असं कशाला करतील?

काय सांगायला हवं होतं मी? की तुझं सगळं बरोबर होतं. की मलाच तुझ्या बोलण्याची लाज वाटली, कारण ते माझंही बोलणं आहे. दोन वाक्यं. पण ती बोलायची म्हणजे मी कोण ते उघडं करायचं— एका विद्यार्थिनीपुढे. मी हातातल्या परीक्षानळ्या पुसत राहिले आणि म्हटलं, "हो गं. थोडं चुकलं होतं. असू दे."

"काय चुकलं, बाई?"

"तुला नाही कळायचं ते आत्ता."

तिने मान हलवली, चप्पल घातली आणि गेली.

नंतर तिचा हात वर आला नाही. मी नाव घेऊन विचारलं तर उभी राहायची, पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं म्हणायची, अडखळली तर गप्प. दहावी झाली, विज्ञानात कशीबशी निघाली. पुढे शिकली नाही. तिच्या घरची परिस्थिती होती, असं मी स्वतःला सांगत आले. परिस्थिती होतीच. ती नववीत हात वर करायची तेव्हाही होती.

आणि माझं? कॅसेट गाजली. दुसऱ्या शाळांनी तिच्या प्रती मागवल्या. शैक्षणिक व्हिडिओ कसे करावेत हे शिकवायला मला शिक्षकांच्या प्रशिक्षणांना बोलावू लागले. मी जायचे. कॅसेट लावायचे आणि खडू हातात घेऊन सांगायचे— मुलांच्या बोलीत बोला, त्यांच्या अनुभवातलं उदाहरण घ्या. शिक्षक लिहून घ्यायचे. टीव्हीवर जानकीचे हात हलत असायचे. मी किती वेळा हे केलं, विचारू नका.

नव्वदचं दशक सरत होतं तेव्हा ती मला भेटली. मानकोली नाक्यावर मी रिक्षाची वाट बघत होते. मागून "नमस्कार बाई" ऐकू आलं. साडी नीट पिन केलेली, बोटाला धरून पाचेक वर्षांची मुलगी. दापोड्याच्या गोदामात पॅकिंगला जाते म्हणाली. "कशा आहात आपण? प्रकृती बरी आहे ना?" एकही 'हाय' नाही. एकही 'न्हाय' नाही.

मुलगी तिचा पदर ओढत होती. "आये, ही कोन हाय?"

जानकीने तिच्या हातावर हलकी चापट मारली. "'या कोण आहेत' असं विचारायचं." मग माझ्याकडे बघून ओशाळं हसली, आणि खाली वाकून तिला सांगू लागली, "या माझ्या विज्ञानाच्या बाई. मला विज्ञान काही जमायचं नाही. पण बाई मला कधी रागावल्या नाहीत."

रिक्षा आली होती. रिक्षावाला थांबला असता, त्याला घाई नव्हती. मलाही नव्हती.

मी त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, "गोड आहे हो" म्हटलं, आणि रिक्षात बसले.