घर सोडायला सांगणारं हे पत्र नाही

सुमेधा दिघे विद्यापीठात लोकप्रशासन शिकवते, हे हिंदू कॉलनीतल्या त्यांच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिचे वडील ते कुणाला विसरूच देत नसत. "आम्ही सरकार चालवलं, ही सरकार शिकवते," असं अप्पा जिन्यात भेटेल त्याला सांगत. 'आम्ही' म्हणजे सीताराम दिघे, एका सरकारी कार्यालयातले हेडक्लार्क. निवृत्तीला अठ्ठावीस वर्षं झाली होती, वय शहाऐंशी. सुमेधाची आई गेल्यापासून घरात दोघंच.

बाहेरून दिसत होतं तितकं सुमेधाचं विभागात काही खास चाललेलं नव्हतं. बावीस वर्षांच्या नोकरीनंतरही ती सहयोगी प्राध्यापकच होती. बरोबरीचे लोक परदेशी परिषदांना जात, जाडजूड अहवाल काढत. सुमेधा संध्याकाळच्या वर्गाला शिकवायची. तिथे सरकारी कचेऱ्यांतले कारकून आणि अधिकारी दिवसभराचं काम आटोपून, डोळे चोळत येऊन बसायचे. ते वर्ग तिला मनापासून आवडायचे.

त्या वर्षी तिने एक साधासा अभ्यास हाती घेतला. सरकारकडून आलेलं पत्र लोकांना कळतं का? पद्धतही साधीच. माणसाला त्याचंच पत्र वाचू द्यायचं आणि मग विचारायचं, "यात तुम्हाला काय करायला सांगितलंय?" विभागातले एक सहकारी हसून म्हणाले, "मॅडम, एवढ्यासाठी संशोधन कशाला?" सुमेधाही हसली आणि पिशवीत वही टाकून डिलाईल रोडला गेली.

तिथल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर कमल घाडी राहायच्या. सत्तरीच्या, एकट्या. नवरा गिरणीत होता, त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. बाई चौथी शिकलेल्या, रोज पेपर वाचणाऱ्या. सुमेधाने सरकारी पत्राचं विचारताच त्यांनी देवाच्या तसबिरीमागून एक घडी घातलेला कागद काढला.

"वाचलंत ना? काय लिहिलंय?"

"काय लिवतले? घर खाली करूक सांगितल्यानी हा."

सुमेधाने कागद उलगडला. 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, सदरहू इमारतीतील भोगवटादारांच्या प्रारूप यादीबाबत आपली काही हरकत असल्यास ती पंधरा दिवसांचे आत आवश्यक त्या पुराव्यांसह निम्नस्वाक्षरीकारांकडे सादर करावी. अन्यथा आपले काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल.'

तिलाही ते दोनदा वाचावं लागलं. म्हणणं एवढंच होतं की, इमारतीत कोण राहतं त्याची कच्ची यादी तयार आहे. तुमचं नाव बघून जा, चुकलं असेल तर सांगा. घर सोडण्याचा त्यात कुठे उल्लेखही नव्हता.

पत्र येऊन आठ महिने झाले होते. आठ महिन्यांत कमलताईंनी भांडी दोन गोणींत बांधून ठेवली होती. खिडकीची काच फुटली होती, ती बसवली नव्हती. जायचंच तर कशाला? कुडाळच्या पुतणीला फोन करून एका खोलीचं बघायला सांगितलं होतं. शेजाऱ्यांना मात्र अवाक्षर नाही.

"कमलताई, कुणी तुम्हाला जायला सांगितलेलं नाही."

"म्हणजे जाऊचा नाय?"

"नाही हो."

कमलताई खाटेवर टेकल्या. रडल्या नाहीत. बांधलेल्या गोणींकडे बघत म्हणाल्या, "मगे आठ महिने मी कित्याक..." मग उठून त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

त्या संध्याकाळी सुमेधा पत्राची झेरॉक्स टेबलावर ठेवून हातपाय धुवायला गेली. परत आली तर अप्पा चष्मा लावून ती वाचत होते आणि त्यांचा चेहरा उजळला होता.

"अगं, हा माझा मसुदा! चौऱ्याऐंशी सालचा. साहेबांनी एक अक्षर बदललं नव्हतं. म्हणाले होते, 'दिघे, याला म्हणतात ड्राफ्टिंग.' अजून चालतोय बघ!"

सुमेधाने झेरॉक्स पिशवीत ठेवून दिली. पुढचे तीन दिवस ती विषय टाळत राहिली. चौथ्या दिवशी जेवताना अप्पांनीच विचारलं, "त्या पत्राबद्दल लोक काय म्हणाले गं?"

खोटं बोलणं तिला जमलं नाही. तिने कमलताईंचं सगळं सांगितलं. गोणी, खिडकी, कुडाळची खोली. अप्पांनी ताटातला भात तसाच ठेवला आणि हात धुवायला उठले. पुढचे दोन दिवस त्यांनी पेपरातलं शब्दकोडं सोडवलं नाही. आपण हे सांगायला नको होतं, असं सुमेधाला दर तासाला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसले होते. "मला त्या बाईंकडे घेऊन चल."

"अप्पा, दोन मजले चढायचेत."

"चढेन."

टॅक्सीतून उतरल्यावर चाळीचा लाकडी जिना ते कठडा धरून, प्रत्येक वळणावर थांबत चढले. कमलताईंनी खुर्ची पुढे केली. अप्पा बसले, दम खाल्ला आणि म्हणाले, "ते पत्र मी लिहिलंय. म्हणजे मूळ मसुदा माझा. तुम्हाला फार त्रास झाला. माफ करा मला."

कमलताई गोंधळल्या. सुमेधाकडे बघितलं, मग अप्पांकडे. "तुमचो काय दोष? तुमी सायबाक बघून लिवलात. माका खंय बघितलेलात?"

त्यात टोमणा नव्हता. म्हाताऱ्या माणसाला समजावावं तशी त्या समजूत काढत होत्या. अप्पांनी हळूहळू मान हलवली. "खरंय. पस्तीस वर्षं साहेबांनाच बघत लिहिलं."

निघताना कमलताईंनी त्यांच्या हातावर खटखटे लाडू ठेवले. अप्पांना चावता येत नव्हते, पण त्यांनी ते रुमालात जपून बांधून घेतले.

दुसऱ्या दिवसापासून बाप-लेक ते पत्र नव्याने लिहायला टेबलाशी बसले. सुमेधा एकेक शब्द काढायची, अप्पा अडवायचे. "'सदरहू' काढ, हरकत नाही. पण 'हरकत' काढू नकोस, कायद्याला ती लागते." 'निम्नस्वाक्षरीकार' गेले, त्यांच्या जागी खोली क्रमांक आणि वेळ आली. कुठले कागद आणायचे त्यांची नावं आली. पण पहिलं वाक्य काही जमेना. पाच-सहा कागद फाडल्यावर अप्पांनी आपल्या सुरेख, तिरप्या अक्षरात लिहिलं: 'घर सोडायला सांगणारं हे पत्र नाही.'

सुमेधाने ते वाक्य मोठ्याने वाचलं. "अप्पा, हे मला सुचलं नसतं."

"बाईंना पहिलं काय कळायला हवं होतं, ते लिहिलं," अप्पा म्हणाले.

यादीचं काम बघणारा अधिकारी, शंतनु, सुमेधाच्याच संध्याकाळच्या वर्गात शिकलेला होता. यादी अजून कच्चीच असल्यामुळे कमलताईंचा अर्ज त्याने लगेच घेतला. नवऱ्याच्या जागी त्यांचं नाव लागलं. नव्या पत्राची मात्र त्याला काळजी वाटत होती. "मॅडम, वरचे म्हणतील, पत्र काय आहे ते लिहा, काय नाही ते कशाला? फाइल अडकणार."

सुमेधाने चार पानांचं टिपण लिहून दिलं, देशोदेशीच्या दाखल्यांसकट. फाइल महिनाभर हलली नाही. मग एका दुपारी अप्पा म्हणाले, "टिपण मी लिहू?" त्यांनी अर्ध्या पानात अस्सल जुन्या सरकारी मराठीत प्रस्ताव लिहिला. 'भोगवटादारांमध्ये निष्कारण संभ्रम निर्माण होऊन कार्यालयीन कामकाजात होणारा विलंब टाळणेकामी' अशी त्याची सुरुवात होती. शंतनुने तो आपल्या नावाने वर पाठवला. चौथ्या दिवशी मंजुरी आली. अप्पा लहान मुलासारखे हसले.

आधी एकशेवीस पत्रांना कार्यालयात एकोणीस माणसं आली होती. तेवढ्याच नव्या पत्रांना त्र्याऐंशी आली. शंतनुने फोनवर आकडा सांगितला तेव्हा सुमेधा विभागाच्या व्हरांड्यात उभी होती. फोन ठेवून ती वर्गात गेली आणि पहिली पाच मिनिटं तिला काय शिकवायचं तेच आठवेना.

या कामावर तिने लेख लिहिला. तो एका चांगल्या नियतकालिकात छापून आला. पुढच्या वर्षी प्राध्यापकपदासाठी मुलाखत झाली. अर्जात संशोधन, पुस्तकं, परिषदा असे रकाने होते. पत्राच्या मसुद्यासाठी रकाना नव्हता. तिने तो दोघांच्या नावाने 'इतर'मध्ये लिहिला. समितीतल्या एका वयस्कर बाईंनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

"या मसुद्याचे सहलेखक सीताराम दिघे कुठल्या संस्थेत असतात?"

"घरी असतात," सुमेधा म्हणाली. "माझे वडील. मसुदा त्यांचा आहे. पहिलासुद्धा आणि दुसरासुद्धा."

बाईंनी ते पत्र मागून घेतलं. शांतपणे पूर्ण वाचलं आणि शेजारच्या सदस्याकडे सरकवलं. मग सगळ्यांनी वाचलं.

नेमणुकीचा आदेश जूनमध्ये आला. सुमेधा टॅक्सी करून अप्पांना दादरच्या एका जुन्या उपाहारगृहात घेऊन गेली. साखर डॉक्टरांनी बंद केली होती, तरी अप्पांनी अख्खा ग्लास पियूष घेतलं आणि तिने बघून न बघितल्यासारखं केलं.

"प्रोफेसर दिघे," ते म्हणाले. "तुझ्या आईला ऐकायला आवडलं असतं."

"तिने तुम्हालाच श्रेय दिलं असतं."

"छे! म्हणाली असती, तुम्ही दोघं बसून कागद फाडत होतात, केर मीच काढला."

परतताना अप्पांचा डोळा लागला, मान तिच्या खांद्यावर कलली. टॅक्सीवाल्याने विचारलं, "मॅडम, कौनसी गल्ली?"

सुमेधाने अप्पांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "भैया, पहले शिवाजी पार्क का एक चक्कर मारो. आराम से."