बनाबाईंनी नाव सांगितलं

माधवनगरच्या बुद्धविहारात दर रविवारी दुपारी बायकांची बैठक भरायची. ती चालवायच्या बनाबाई. कापडगिरणी बंद पडेपर्यंत त्या तिथं सुताच्या कांड्या भरायच्या. यंत्रांच्या खडखडाटात बोलून बोलून आवाज चढा झालेला, आणि त्या आवाजामुळंच बैठक त्यांच्याकडं आली. कुणी आधी बोलायचं, कुणी थांबायचं, हे त्या ठरवायच्या. नळाचं पाणी, पोरांचे दाखले, नवऱ्याची दारू, सगळं तिथं निघायचं. एकच गोष्ट त्या चालू द्यायच्या नाहीत. आपला माल, आपलं दुकान बैठकीत आणायचं नाही.

सून प्रियदर्शनीनं एकदा घरी साड्या विकायला आणल्या आणि बैठकीत दोन शब्द बोलायला उभी राहिली. बनाबाईंनी तिला सगळ्यांसमोर खाली बसवलं. "हितं बसल्यावर माझं त्वांड समद्यांचं असतंय," म्हणाल्या. "त्यानं कुणाची जाहिरात करायची न्हाई." सून कितीतरी दिवस धड बोलली नाही.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात बनाबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सांगलीत एका तरुण डॉक्टरनं नवा दवाखाना घातला होता, त्यानंच केलं. पट्टी सुटली तेव्हा समोरच्या भिंतीवरची पाल दिसली, आणि एरवी पालीला किळसणाऱ्या बनाबाई तिच्याकडं बघून हसल्या.

पुढच्या बैठकीत बायकांनी घेरलं. "आक्का, डॉक्टर कोण? आमाला बी सांगा की."

"बाहीर गेल्यावर सांगती."

"बाहीर कशाला? समद्यांच्याच कामाचं हाय."

बनाबाई घुटमळल्या. डॉक्टर काही नात्यातला नव्हता, त्यांना त्यातून काही मिळणारही नव्हतं. अनुभव खराच होता. त्यांनी डॉक्टरचं नाव सांगितलं, दवाखान्याची खूण सांगितली आणि वर म्हणाल्या, "बिनघोर जावा."

रंगुबाई त्यांच्याच गल्लीतल्या. गोधड्या शिवून एकट्या राहायच्या. एक डोळा लहानपणी देवी आल्या तेव्हाच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू. म्हसवडला नोकरीला असलेला मुलगा धुळा ऑपरेशनसाठी त्यांच्या कधीपासून मागं लागला होता. दवाखान्याच्या भीतीनं त्या हलत नव्हत्या. बनाबाईंच्या शब्दावर गेल्या.

ऑपरेशन झालं आणि डोळा ठणकायला लागला. डॉक्टरनं थेंब दिले, कमी होईल म्हणाला. झालं नाही, डोळ्यात पू धरला. बनाबाईंनीच रिक्षा करून त्यांना मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं आणि उशीर झाला म्हणून सांगितलं. नजर येणार नव्हती.

बनाबाई त्या तरुण डॉक्टरकडं तणतणत गेल्या. तो शांतपणं म्हणाला, "आजी, एखाद्याला होतं असं. तुमचा डोळा बघा ना, किती छान झाला."

रंगुबाईंनी बनाबाईंना कधी दोष दिला नाही. धुळा मात्र दारात आला. "मावशी, मी सांगून दमलो हुतो. तुमी सांगितलं नसतं तर ती गेली नसती."

"व्हय," बनाबाई म्हणाल्या.

रविवारी त्यांनी बैठक सोडली. बायका समजूत घालू लागल्या. "आक्का, तुमचा डोळा बरा झाला म्हणून सांगितलं. त्यात तुमचं काय चुकलं?"

"नळावर सांगितलं असतं तर तिनं आणि चार जणींना इचारलं असतं," बनाबाई म्हणाल्या. "हितनं सांगितलं म्हणून कुणालाच इचारलं न्हाई."

त्यांच्या जागी दुसरी बसली. मग धुण्याची पावडर विकणारा यायला लागला, मग भिशीवाली. नळाचं बोलणं राहून जाई. हळूहळू बायका येईनाशा झाल्या. प्रियदर्शनी घरी येऊन सगळं सांगायची. बनाबाई तांदूळ निवडत ऐकायच्या, पण विहारात गेल्या नाहीत.

थंडीत धुळा आईला कायमचं न्यायला आला. बनाबाई सांगलीच्या स्टँडवर पोचवायला गेल्या. धुळा पाणी आणायला गेला तेवढ्यात एक गाडी येऊन लागली.

"बना, म्हसवडचीच का गं ही?"

बनाबाईंनी पाटी वाचली. अक्षरं स्वच्छ दिसत होती. "व्हय, म्हसवड."

"मग चल की. तू म्हणतीस म्हंजे आसंल." रंगुबाई हात पुढं करून उठल्या.

बनाबाईंनी त्यांचा हात धरला, पण पाऊल उचललं नाही. "दम," त्या म्हणाल्या. "कंडक्टरला इचारून येती."