साहेबबाचा कोंबडा

अत्यंत खेदाने जाहीर करण्यात येते की, आमच्या घराण्याने एका सज्जन इंग्रज गृहस्थाचा पिढ्यान्‌पिढ्या छळ केला आहे. तोही हलगी वाजवून.

मी कोल्हापुरात स्टँडजवळच्या एका लॉजचा मॅनेजर. (आई लोकांना सांगते, "किल्ल्या वाटतो.") गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे एमिलीबाई उतरल्या. वय सत्तरीपुढचं, टोपी छत्रीएवढी. त्यांचे खापरपणजोबा इंग्लंड सोडून इकडे आले आणि इथेच वारले. पण त्यांना कुठे पुरलं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंना डोळे मिटण्याआधी एकदा त्या दगडावर हात ठेवायचा होता. आठवडाभर त्यांनी कोल्हापूर पालथं घातलं. आता दुसऱ्या दिवशी सकाळी परतीची गाडी होती.

संध्याकाळी बिल भागवता भागवता त्यांनी मोबाइलवर थडग्याचं एक जुनं चित्र दाखवलं. उभा दगड, वर पंख पसरलेलं कबूतर.

मी खुर्चीतून उठलो. हा दगड माझ्या ओळखीचा होता! राधानगरी रस्त्याला आमच्या उसाच्या बांधावर तो उभा आहे. आमचा साहेबबा. नवसाला पावणारा. मी स्वतः त्याच्याच नवसाचा. आईला बरीच वर्षं मूल नव्हतं, तिने साहेबबाला साकडं घातलं आणि मी झालो. म्हणून नाव साहेबराव.

फक्त ते कबूतर आहे, हे आम्हाला माहीत नव्हतं. शेंदराच्या थरांखाली ते इतकं फुगलं होतं की, पूर्वजांनी त्याला कोंबडा ठरवून टाकलं. देवाने डोक्यावर कोंबडा कोरून घेतलाय, म्हणजे त्याला काय हवं हे वेगळं विचारायचं कशाला? तेव्हापासून दर जत्रेला कोंबडा. आणि साहेबमाणूस नुसता कोंबडा कसा खाणार? म्हणून वरून दारूची धार.

बाईंना स्कूटरवर बसवून बांधावर नेलं. (टोपी वाटेत एकदा उसात शिरली.) फोन केल्यामुळे आई आधीच येऊन बसली होती. काखेत कोंबडा.

"देवाच्या घरची पावणी म्हनलास. मोकळ्या हातानं कसं यायचं?"

नाव वाचायचं तर शेंदूर काढायला हवा. मी तेलाचा बोळा उचलला, तसं आईने मनगट धरलं.

"देवाची कातडी सोलतोस व्हय रं?"

"आई, त्यांचं आजोबा हाईत ते."

"आसतील की. पन इतकी वर्सं सांभाळलं कुनी?"

मी बोळा खाली ठेवला. शेवटी कौल लावायचं ठरलं. दगडाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. आम्ही हात जोडून उभे. फुलं ढिम्म.

"आपण कशासाठी थांबलोय?" बाईंनी हळूच विचारलं.

"तुमच्या आजोबांच्या परवानगीसाठी."

बाईंनी टोपी काढली आणि हात जोडले. इतक्यात कोंबड्याचं पीस त्यांच्या नाकाशी आलं, त्यांना सणसणीत शिंक आली आणि उजवं फूल टपकन पडलं.

"रक्ताचं नातं हाय," आई म्हणाली. "पूस."

शेंदराच्या खपल्या निघाल्या. आधी पक्षी, मग अक्षरं. बाईंनी आजोबांच्या नावावरून बोट फिरवलं आणि त्या रडू लागल्या. आईने आपल्या पदराने त्यांचे डोळे टिपले.

"रडू नगा, बाई. उपाशी न्हाय ठेवलं आमी त्यांस्नी. इचार रं सायबू, आनी काय आवडायचं? ते पन करू."

मी विचारलं. बाईंनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "आजोबा जन्मभर मांसाला आणि दारूला शिवले नाहीत. इथे आले तेच मुळी लोकांची दारू सोडवायला."

मी बोळा उचलून पुसलेलाच दगड पुन्हा पुसू लागलो.

"काय म्हनत्यात?" आईने विचारलं.

काहीतरी थाप मारावी, असं वाटलं. पण देव समोर होता, आणि आता त्याचं नावही वाचता येत होतं. मी आईला सगळं सांगून टाकलं.

आईने काखेतला कोंबडा हळूच खाली सोडला. तो उसात पसार झाला. तिने साहेबबाकडे पाहिलं. मग माझ्याकडे, आधी टक्कल, मग पोट, मग कमरेचा किल्ल्यांचा जुडगा.

"तरीच! पोरगं मागितलं आन् हे असलं कसं दिलं, ते आज कळलं."