कंदील आणि चार शेंगदाणे

माझी बहीण मानसी गेली त्याला आता वर्ष झालं. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, बिचारी फार मायाळू होती. होतीच, पण एवढ्यावर तिची बोळवण केलेली मला आवडत नाही. ती चिडकी होती, माझ्या ताटातलं पळवायची आणि पत्ते खेळताना साफ खोटं बोलायची. खोटं मीही बोललो, एकदाच. ते सांगायचं तर आधी कंदील कसा चालतो ते सांगावं लागेल.

ताई लोणावळ्यात, भुशीच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात खोल्या आवरायची. पाहुणे विसरून जातात त्या वस्तू तिथे एका कपाटात ठेवतात. सहा महिन्यांत कुणी विचारलं नाही तर कामगारांनी वाटून घ्यायच्या. छत्र्या आणि चार्जर यांवर उड्या पडतात. ताईने पत्त्यांचा एक डबा उचलला. राजा-राणीचे पत्ते नव्हेत. राक्षस, चेटकिणी, उडती जनावरं, आणि प्रत्येकाखाली बारीक इंग्रजी. मी तेव्हा मोटारसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडून घेतलं होतं. चार महिने खाटेवर. आईशी भांडून झालं होतं, आता भिंतीशी भांडायचं तेवढं राहिलं होतं.

"हे घे पद्या. आता यांच्याशी भांड," ताई म्हणाली.

माझी दहावी इंग्रजीतच अडकली होती. ती बारावी झालेली, म्हणून नियम तिने वाचायचे आणि मी मानायचे. नियमांचं पुस्तक डब्यात नव्हतंच, पत्त्यांवर छापलेलं तेवढंच. दोघांपुढे वीस-वीस शेंगदाणे, म्हणजे वीस जीव. राक्षसाचा घाव बसला की त्याच्या पत्त्यावर जितका आकडा, घाव घालणाऱ्याने समोरच्याचे तितके शेंगदाणे खायचे. ढीग संपला की तो मेला. प्रत्येक खेपेला एक खडा मिळायचा, आणि मंत्राचा पत्ता टाकायचा तर साठलेल्या खड्यांतून त्याची किंमत मोजायची.

कंदील हा त्यातलाच एक मंत्र. चित्रात धुक्यात कंदील धरून उभी असलेली एक बाई. त्याला तीन खडे लागत. तो टाकला की आपल्या ढिगातले चार शेंगदाणे उचलून समोरच्याला द्यायचे. स्वतःसाठी तो चालत नाही. आणि समोरच्याचा शेवटचा शेंगदाणा जायच्या आत टाकायला हवा. ढीग संपल्यावर कंदील म्हणजे नुसता कागद.

"ह्यो कसला मंतर? आपणच हरायचं?" मी विचारलं.

"लिवलंय तसं वाचलं," ती म्हणाली.

मी मरायला टेकलो की ती मोठा सुस्कारा सोडायची, कंदील टाकायची आणि चार शेंगदाणे माझ्याकडे सरकवायची. मी त्यांच्या जोरावर तिला हरवायचो आणि वर चिडवायचो. खाटेवरचे ते चार महिने मी त्या विजयांवर काढले, हे आता कबूल करतो.

पाय बरा झाला, मी वराळ्याच्या एका कंपनीत फिटर म्हणून लागलो, तरी खेळ सुटला नाही. हॉटेलवाल्यांना रविवारची सुटी कुठली? ताईची सुटी मंगळवारी. मी शिफ्ट संपवून आलो की डाव मांडायचो.

पुढे ती घराकडचा चढ चढताना मध्येच थांबायला लागली. थांबून चपलेचा पट्टा नीट करायची. तिच्या हृदयाची झडप खराब होती आणि ऑपरेशन करायला हवं होतं. माझा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हाच डॉक्टरांनी तिला हे सांगितलं होतं. तिने घरात कुणाला कळू दिलं नाही. आधी माझा पाय, मग माझी नोकरी, मग आईचे डोळे. ती गेल्यावर घरच्या कपाटात तिची दवाखान्याची फाइल सापडली तेव्हा मला हे समजलं. तोवर मी फक्त म्हणायचो, "ताई, चपला बदल की."

शेवटचा डाव फेब्रुवारीतला. तिच्यापुढे दोन शेंगदाणे उरले होते, माझ्यापुढे अकरा. माझा राक्षस घाव घालायला तयार होता. कंदील माझ्या हातात होता, तीन खडेही होते.

ताईने आपल्या ढिगाकडे पाहिलं. "पद्या, कंदील हाय का रं तुझ्याकडं?"

"न्हाई."

तिने न दिलेला एक तरी डाव मला जिंकायचा होता. दुसरं काही कारण नाही. मी तिचे दोन्ही शेंगदाणे खाल्ले. ती हसली आणि पत्ते गोळा करायला लागली. माझ्या हातातले घेतले तेव्हा कंदील सगळ्यात वर होता. तिने तो पाहिला, डब्यात ठेवला आणि चहा टाकायला उठली.

पुढच्या आठवड्यात हॉटेलात चादर बदलताना ती कोसळली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. चौतीस वर्षांची होती.

गेल्या महिन्यात आमच्या कंपनीत क्वालिटीला श्रद्धा नावाची मुलगी लागली. जेवणाच्या सुटीत तिच्या डब्याशेजारी तसलेच पत्ते दिसले. दुसऱ्या दिवशी मी आमचे घेऊन गेलो आणि तिला सगळं सांगितलं. कंदील, शेंगदाणे, माझं ते 'न्हाई'. बायकोलाही हे सांगितलेलं नाही.

तिने पत्ता हातात घेऊन वाचला. "प्रदीपदादा, हा स्वतःसाठीच असतो. टाकणाऱ्याचे चार जीव वाढतात. समोरच्याला देताच येत नाही." मग माझा चेहरा बघून हळूच म्हणाली, "म्हणजे तुम्ही टाकला असता तरी ताईंना काही मिळालं नसतं. मनाला लावून घेऊ नका."

चांगली मुलगी आहे. तिला वाटलं, माझी सुटका केली.

घरी येताना कंपनीच्या बसमध्ये मी तो पत्ता अक्षर अक्षर लावून वाचला. तसंच होतं. ताईला इंग्रजी येत होतं. ती हरायला आलेली असायची आणि कंदील तिच्या हातात असायचा, असं कितीदा तरी झालं. तेव्हाही तिने तो स्वतःसाठी टाकला नाही. मला लागेल म्हणून धरून ठेवला. सहा वर्षं.

छापील नियमाने मी सुटलो. पण आमच्या घरात तो नियम नव्हताच. आमच्या घरात कंदील समोरच्यासाठी चालायचा, आणि तिचे शेंगदाणे माझ्याकडे सरकताना मी इतक्यांदा पाहिले होते. त्या मंगळवारी माझ्यापुढे अकरा होते. चार दिले असते तरी सात उरले असते.